पाखरीचं पाणी

घोड्यावर बसायला शिकायचं तर पहिली पायरी कोणती? तुम्ही म्हणाल, घोड्यावर बसणं. साफ चूक. पहिली पायरी म्हणजे बादली. तळ्यावर जायचं, बादली भरायची, आणून घोड्यापुढे ठेवायची आणि त्याचं पिऊन होईस्तोवर मुकाट उभं राहायचं. जव्हारच्या पागेतल्या हैबतराव उस्तादांनी हे पहिल्याच सकाळी सांगितलं. मी त्याच सकाळी मनात म्हटलं, मेल्या, पाणीच वाहायचं होतं तर आमचा सूर्यमाळचा पाडा काय वाईट होता?

ही गोष्ट संस्थान होतं तेव्हाची. पावसाळ्यात मोखाड्याकडचे पाडे तुटून पडायचे. कुठे साथ आली, कुठे दरड कोसळली, तरी जव्हारला खबर पोचेपर्यंत माणसं मरून राख व्हायची. म्हणून दरबारनं ठरवलं की मोठ्या पाड्यांवर एकेक तट्टू ठेवायचं आणि त्याचा स्वार त्याच पाड्याचा असायचा. पाटलांना हुकूम आला, जाणतं झालेलं एकेक पोर पागेत पाठवा. उस्ताद त्याला पायरीपायरीनं शिकवतील. सगळ्या पायऱ्या चढून जो दसऱ्याला मैदानात घोडा दौडवील, त्याच्या पाड्याला घोडा मिळेल.

आमचा पाटील म्हणजे माझा चुलता बुधा. दरबारचा नुसता शिपाई दिसला तरी त्याला हगवण लागायची. पाठवायचा होता त्याचा सोम्या. पण घोडं माणसाला चावतं असं सोम्याला कुणीतरी सांगितलं आणि तो जो रानात पळाला, तो भुकेनंच परत आला. मग पाटलाची नजर माझ्यावर पडली. मी तेव्हा म्हशीवर बसून ओहोळातून येत होते. पाटील म्हणाला, माघी जाईल. सगळ्यांना वाटलं मी रडेन. मी म्हटलं, कधी निघायचं?

मला घोड्याची हौस नव्हती. डोंबलाची हौस. मला घोडा हवा होता तो आईसाठी. आमचा पाडा वर डोंगरावर आणि झरा खाली दरीत. बायका उतरायच्या, भरायच्या आणि डोक्यावर मडकी घेऊन ती खडी चढण चढायच्या, रोज. आदल्या उन्हाळ्यात माझी आई, काशी तिचं नाव, चढणीवरून घसरली. मडकी फुटली आणि आईचा पाय मोडला, आणि बायका आधी सांडलेल्या पाण्याला हळहळल्या. पाय जुळला तो वाकडा. त्या वाकड्या पायानं ती पुन्हा दरीत उतरायला लागली, कारण मला एकटीला पुरेसं पाणी आणता येत नव्हतं आणि बाप कोळशाच्या भट्टीवर परगावी असायचा. मोखाड्याच्या बाजारात मी बैलाच्या पाठीवर पखाल पाहिली होती, पाण्यानं फुगलेली ही मोठी कातडी पिशवी. तेव्हापासून डोक्यात एकच होतं. घोडा आणायचा, त्याच्यावर पखाल टाकायची, आणि आईला दरीत उतरू द्यायचं नाही.

पागेत गेले तर कारकुनानं नाक मुरडलं, की मुलगी कशी चालेल. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, पाय लांब आहेत, राहू दे. इतकंच ते माझ्याबद्दल बरं बोलले. पुढे कित्येक महिने दुसरं काही बरं बोलले नाहीत.

उस्ताद घाटावरचे. घोडी वळणावर आणण्यात त्यांची हयात गेलेली, आणि पोरंही त्यांना घोड्यांसारखीच दिसायची. त्यांचा नियम एकच होता, पायरी चुकली की पहिल्यापासून. म्हणजे काय, तर खाली उतरायचं आणि बादली घ्यायची. मला मिळाली पाखरी नावाची घोडी, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसले ती म्हशीवर बसतात तशी, पार मागे, पुठ्ठ्यावर. आमच्याकडे असंच बसतात. म्हशीला त्याचं काही वाटत नाही. पाखरीला वाटलं. तिनं मागचे पाय उडवले आणि मी लिदीत जाऊन पडले. माझ्याबरोबर शिकणारा फौजदाराचा पोरगा बाबू पोट धरून हसला. उस्ताद म्हणाले, ती घोड्याची कंबर आहे, तुझ्या म्हशीचा चौथरा नव्हे, घे बादली.

घेतली. मग खरारा करा, खूर साफ करा, उघड्या पाठीवर नुसतं बसून राहा. मग लांब दोरीवर गोल गोल फेरे, गोल गोल, तेलाच्या घाण्याला बैल फिरतो तसे. हात आडवे करा, डोळे मिटा, मान सोडा. टाच लागली, घे बादली. लगाम ओढलास, घे बादली. बाबू चुकला तर त्यालाही बादली मिळायची, पण त्याची बादली त्याचा गडी वाहायचा आणि बाबू सावलीत उभा राहून पेरू खायचा. माझा गडी मीच. मला इतका संताप यायचा की तळ्यावर जाऊन पाण्यालाच शिव्या द्यायचे. आणि ती पाखरी एका दमात अख्खी बादली ओढायची आणि तोंड वर करून दुसरीची वाट बघायची. पी बाई, पी, तुझ्या बापाचं तळं आहे, असं मी तिला म्हणायचे.

मग कदम आला. कदम म्हणजे घोड्याची सरळ चाल. तो मला जमला, चांगला जमला. आणि तिथेच माझं शिक्षण पुरं झालं. पाण्याच्या घोड्याला आणखी काय यावं लागतं? खाली चालत जायचं, वर चालत यायचं. मी सरळ उस्तादांकडे गेले आणि म्हटलं, मला आलं, आता घोडी द्या. त्यांनी विचारलं, काय आलं? मी म्हटलं, चालणं आलं, पखालीला तेवढं पुरे.

मी हे बोलायला नको होतं. उस्तादांचं तोंड लाल झालं.

“दरबारचं घोडं पखाल वाहणार?” ते म्हणाले. “हे जनावर पुरात खबर घेऊन येणार आहे, माणसं वाचवणार आहे. अर्ध्या पायरीवर उभं राहणाऱ्याला मी घोडं देत नसतो. घे बादली.”

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. पण मनातला बेत सोडला नाही. कदमाचा सराव करताना मी एका हातावर पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा धरायचे आणि मैदानाला फेरी मारायचे. सांडलं की मीच मला शिव्या द्यायचे. हळूहळू सांडेनासं झालं. उस्तादांनी एकदा ते पाहिलं, बाकीच्या पोरांना बोलावलं आणि म्हणाले, बघा, बैठक कशी हवी ती बघा. बैठकीचं काय घेऊन बसलात, मला पाणी सांडायचं नव्हतं. तरी मी मान खाली घालून गप्प उभी राहिले आणि बाबूचं तोंड उतरलेलं बघून मला गार वाटलं.

पण पुढच्या पायऱ्यांनी माझा जीव खाल्ला. दुडकीत घोडी अशी उडवते की हाडं खिळखिळी होतात, बसायला जागा राहत नाही, आणि वर उस्ताद ओरडतात, पाठ सरळ. मग खोगीर आलं, मग पाय अडकवायला रिकिबी आल्या, मग रिकिबी काढून टाकल्या आणि म्हणाले, आता दुडकी. दिल्या कशाला मग? सारा उन्हाळा असा गेला. पावसात पागेतच कोंडून लगाम-पट्टे पुसत बसलो. मी रोज विचार करायचे, आत्ता आई चढण चढत असेल, आणि मी इथे दरबारच्या पितळी कड्यांना राख घासतेय. सुटून पळावं असं किती वेळा वाटलं. पण पळून गेले असते तर घोडीवर पाणी सोडावं लागलं असतं.

शेवटची पायरी चौखूर, म्हणजे भरधाव. कुणाच्या घरी आग लागली होती की एवढं पळायचं? मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा राग जास्त यायचा, की जे मला जन्मात लागणार नाही तेच न आल्यामुळे माझं अडतंय. घोडामैदान जवळ आलं तरी मी दौडीत लगाम आवळायचे आणि बादली घ्यायचे. शेवटी एका सकाळी उस्तादांनी बाबूला नीट शिकलास म्हणून शाबासकी दिली आणि माझं डोकंच फिरलं. मी पाखरीला टाच मारली आणि सोडून दिली. भीती वाटायला वेळच मिळाला नाही. मैदानाच्या टोकाला थांबले तेव्हा उस्तादांनी मला बादली दिली नाही.

दसऱ्याला दरबारची मंडळी शामियान्यात बसली होती. मी दौडले आणि आखलेल्या चुन्याच्या रेघेवर बरोबर थांबले. बाबूचं घोडं रेघ ओलांडून मिठाईच्या दुकानाकडे गेलं. मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी पाखरीचा दोर माझ्या हातात दिला, आणि उस्तादांनी तिच्या मानेवर एक थाप मारून तोंड फिरवलं.

पाड्यावर दिवाळी आधीच आली. पाटलानं पाखरीला कुंकू लावलं, नारळ फोडला. सोम्या लांबून बघत होता. बाजारातून जुन्या पखाली आणल्या, आईनं त्या शिवल्या, आणि मी दरबारच्या घोडीवर पखाली टाकून दरीत उतरले. झरा भरून वाहत होता. ओहोळ वाहत होते. पाखरी वाटेत हवं तिथं तोंड घालायची, प्यायची आणि कदमावर चढण चढायची, थेंब सांडायचा नाही. आमचंच नाही, शेजारच्या सकूचं, तिच्या सासूचं, सगळ्यांचं पाणी मी आणायचे. एका दुपारी घरी आले तर आई दारात बसून नाचणी पाखडत होती. आईला दुपारी बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी आत जाऊन थोडा वेळ रडले.

होळी झाली आणि ओहोळ आटले. मग झरा बारीक झाला. दर उन्हाळ्यात होतोच. खडकातून करंगळीएवढी धार, मग तीही तुटते आणि नुसते थेंब राहतात. खाली खळग्यात साचलं की बायका करवंटीनं भरतात आणि मागची बाई पुन्हा साचायची वाट बघत बसते. हे मला ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. पण मला दिसत होती ती आईची चढण. झऱ्यात किती आहे ते मी बघितलंच नाही.

झरा थेंबांवर आला त्या पहिल्या दिवशी मी पाखरीला घेऊन खाली गेले तेव्हा खळगा नुकता भरला होता. सकू पुढे वाकली होती. पाखरीनं तिच्या खांद्यावरून मान घातली आणि एका दमात खळगा कोरडा केला, आणि तोंड वर करून दुसऱ्या बादलीची वाट बघत उभी राहिली. बायका मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले असते. सकूची सासू तेवढं पुटपुटली, दुष्काळात तेरावा महिना.

मी पाखरीला नदीवर न्यायचं ठरवलं. नेली. नदीत नुसते दगड होते. पाटलाला सांगितलं, हिची सोय करा नाहीतर परत धाडा. पाटील म्हणाला, नाव काढू नको. दरबारनं दिलेलं परत धाडायचं म्हणजे दरबारचा अपमान. आणि पाड्यावर मेलं तर? तर सगळा पाडा खोड्यात. त्यानं पाड्याला बोलावून ठरवून टाकलं, की झऱ्यावर आधी घोडी पिणार, मग माणसं. आणि संध्याकाळी एकेका घरानं पाळीनं वर पाड्यावरचं तिचं पाण्याचं कुंड भरायचं. मी ओरडले, की लेकरं तहानलेली असताना जनावर आधी? पाटील म्हणाला, हे जनावर नाय, दरबार हाय. आणि माणसांनी मान डोलावली. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

मग रोज तेच. पाखरी आधी पिणार, मग बायकांच्या वाट्याचं मी पखालीत भरून वर नेणार, आणि वर गेल्यावर घामेजलेली पाखरी पुन्हा कुंडात तोंड घालणार. एवढं सगळं शिकले, पडले, झिजले, आणि घोडी पाणी वाहत होती ते अर्धं स्वतःसाठीच. असून अडचण, नसून खोळंबा. तिच्या तोंडात मारावं असं वाटायचं आणि मारता यायचं नाही. तिचं काय चुकलं होतं?

एके दिवशी ऊन डोक्यावर आलं होतं. पखाली अर्ध्यामुर्ध्या भरून मी पाखरीला घेऊन चढण चढत होते. मागे दगड सरकल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर आई. डोक्यावर मडकं, एका हातानं झुडपं धरत, वाकडा पाय बाजूला टाकत चढत होती. माझ्या पखाली अर्ध्या भरल्या तोवर झरा पार आटला होता, म्हणून ती आणखी खाली, कपारीतल्या डबक्यावर गेली होती. तिथे घोडं उतरत नाही, बाईमाणसाला आडवं होऊन करवंटीनं पाणी काढावं लागतं. मी तिला दरीत उतरू नको म्हणून बजावलं होतं, आणि ती माझा डोळा चुकवून गेली होती. मी धावत खाली गेले आणि म्हटलं, दे ते इकडे, पखालीत ओतते, डोक्यावर कशाला घेतलंस?

“राहू दे, बाय,” आई म्हणाली. “आज आपली पाळी हाय. हे घोडीचंच पाणी हाय.”

आणि माझ्या बाजूनं पुढे निघून गेली, लंगडत, पाखरीच्या मागोमाग. वर जाऊन तिनं ते मडकं पाखरीच्या कुंडात ओतलं. पखालीतलं बाकीच्या बायकांच्या वाट्याचं होतं, आणि घरात त्या दिवशी पेजेपुरतंही पाणी नव्हतं.

मी रात्र काढली आणि उजाडताना पाखरीवर खोगीर टाकलं. पाटील आडवा आला, दरबारच्या नावानं ओरडला. मी म्हटलं, काका, दरबाराला तहान लागलीय, पाजायला नेते. डोंगर उतरेपर्यंत कदमावर नेली. पठार लागलं आणि माझा सगळा राग टाचेत उतरला. मी तिला चौखूर सोडली. जी पायरी मला जन्मात लागणार नव्हती, ती त्या दिवशी लागली.

पागेत शिरले तेव्हा पाखरी फेसानं पांढरी झाली होती. उस्ताद बाहेर आले. खबर काय, म्हणून त्यांनी विचारलं. साथ आली का, दरड कोसळली का? मी म्हटलं, काही नाही, घोडी परत घ्या, आमच्या पाड्याला ती परवडत नाही, ती पाणी पिते.

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी खोगीर उतरवलं आणि पाखरीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. दोन्ही बाजूंना पखालीच्या दोरांनी केस घासून गेले होते. त्यांचा हात तिथे थांबला. मी ओरडा खायची वाट बघत होते, मला भांडायचंच होतं. पण ते हळू आवाजात म्हणाले,

“घोडी किती पिते, हे तुला ठाऊक नव्हतं, पोरी? सगळ्या पागेत सर्वांत जास्त बादल्या तूच ओतल्यास.”

“तेव्हा तळं भरलेलं होतं, उस्ताद.”

ते पाखरीचा घाम पुसायला लागले. मी आणखी एक शब्द बोलले असते तर त्यांच्यासमोर रडले असते, आणि तेवढं मला करायचं नव्हतं. पाखरी मान खाली घालून उभी होती, धापा टाकत. मला दिवसभराची वाट तुडवून घरी जायचं होतं, पायी, आणि उद्यापासून आईच्या आधी दरीत उतरायचं होतं.

पागेच्या दाराशी बादली होती. कुणी सांगितलं नाही, तरी मी ती उचलली. तळ्यावर गेले, काठोकाठ भरली आणि आणून पाखरीपुढे ठेवली. तिनं एका दमात ओढली आणि तोंड वर केलं. मी दुसरी आणायला गेले.